हे पुस्तक काहून वाचायचं? मिशनच्या शाळांतलं इंग्रजी आणि उन्हाळ्याची सुट्टी



संध्याकाळचे सहा वाजून गेले तरी बाहेर झळा मारताहेत, आणि खुर्च्या मात्र भरल्या आहेत. म्हणजे विषय घराघरातला आहे. नागपूरच्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. पुण्या-मुंबईकडची पोरं दप्तरं घेऊन निघतात, तेव्हा आपल्याकडे अजून कूलरच्या टाकीत पाणी भरणं चालू असतं. दुपारी बारा ते पाच बाहेर पडायची सोय नाही. घरातलं लेकरू पुस्तक हातात घेईल अशी वेळ वर्षात कधी असेल तर ती हीच. या वेळेचं आपण काय करतो, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

बोलताना आम्ही 'आम्ही' म्हणणार आहोत. तो थाट नव्हे. इथे उभं एक माणूस असलं तरी हे टिपण आठ जणांनी मिळून केलंय. त्यात इंग्रजीच्या दोन निवृत्त शिक्षिका आहेत, एक ग्रंथपाल आहेत आणि बाकीचे पालक. आमच्यातले निम्मे स्वतः मिशनच्या शाळांत शिकले. त्या शाळांनी आम्हाला पुष्कळ दिलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे बोलू ते घरच्या माणसानं घरच्याबद्दल बोलावं तसं ऐका.

झालं असं, की आमच्यातल्या एका शिक्षिकेची नात आठवीत आहे. शाळेनं सुट्टीत वाचायच्या इंग्रजी पुस्तकांची यादी दिली होती. नातीनं यादी पाहिली, सोबतचा तक्ता पाहिला आणि विचारलं, "आजी, हे पुस्तक काहून वाचायचं?" आजींनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. यादीच्या तळाशी कारण छापलेलं होतं: शब्दसंग्रह वाढेल, बोलणं सुधारेल. पण हे कारण कुठल्याही पुस्तकाला लागू पडतं. शब्दसंग्रह तर रेल्वेच्या वेळापत्रकानंही वाढतो. *हेच* पुस्तक काहून, याला उत्तर नव्हतं.

मग आम्ही ठरवलं की यंदाच्या मे महिन्यात मुलांसाठीच्या याद्या आपणच वाचायच्या. ओळखीच्या घरांतून दोन-तीन शाळांच्या याद्या गोळा केल्या. शाळांची नावं घेणार नाही. याद्या एकीला झाकावी नि दुसरीला काढावी इतक्या सारख्या आहेत. 'जंगल बुक' आहे, डिकन्सची संक्षिप्त रूपं आहेत, एनिड ब्लायटन आहे, नार्नियाच्या गोष्टी आहेत, ॲन फ्रँकची डायरी आहे. हल्ली रस्किन बाँड आणि सुधा मूर्तीही असतात. पुस्तकं वाईट नाहीत. वाईट आहे तो सोबतचा तक्ता. पुस्तकाचं नाव, लेखक, मुख्य पात्रं, सारांश, बोध. पाच रकाने. ॲन फ्रँकच्या डायरीपुढे 'बोध' या रकान्यात तेरा वर्षांच्या मुलीनं काय लिहायचं, हे ज्यानं तो रकाना आखला त्यानं आम्हाला सांगावं.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या गावात हा 'काहून' कधी काळी फार स्पष्ट होता.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. पुढच्या वर्षी त्यानं शाळा काढली. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ते खालसा व्हायला अजून सात-आठ वर्षं होती. या शाळेत इंग्रजी काहून शिकायचं, हे हिस्लॉपनं लपवलं नाही. बायबल वाचता यावं, ख्रिस्ती धर्म समजावा आणि जमलं तर पटावा, म्हणून. नागपूरकरांनाही ते ठाऊक होतं. कोणी पोराला पाठवलं, कोणी नाही, कोणी पाठवून परत काढलं. पण प्रश्न आणि उत्तर दोन्ही चव्हाट्यावर होते.

सरकारी शाळांची गोष्ट वेगळी. गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' या १९८९ च्या पुस्तकात ती मांडली आहे. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं हे कंपनी सरकारचं धोरण, म्हणून वर्गात बायबल नको. पण मिल्टन चालेल, बेकन चालेल. म्हणजे नीती आणायची ती साहित्याच्या मागच्या दारानं. इंग्रजी साहित्य हा विषय खुद्द इंग्लंडात नीट रुजण्याआधी हिंदुस्थानात रुजला, तो असा. मिशनऱ्यांना हा लपंडाव पसंत नव्हता. त्यांचा हेतू आपल्याला मान्य असो वा नसो, तो उघड होता. आणि हेतू उघड असला की वाचणाऱ्याला भांडता येतं.

भांडणाऱ्यांत पहिलं नाव घ्यायचं ते जोतीराव फुल्यांचं. १८४१ ते ४७ या काळात ते पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८४७ च्या सुमारास त्यांनी टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. पेन हा पाद्र्यांनी हौसेनं मुलांच्या हाती द्यावा असा लेखक नव्हता. बायबलची झडती घेणारं पुस्तकही त्याचंच. म्हणजे इंग्रजी दिलं मिशननं आणि त्या इंग्रजीनं जोतीराव गेले ते मिशनच्या कुंपणापलीकडे. पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आलं, तेव्हा ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. अवांतर वाचन म्हणतात ते हे. त्याला तक्ता नव्हता.

तेव्हा आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. मिशनच्या शाळेत पुस्तकाला पूर्वी एक कारण होतं; ते कारण गेलं, ते जायलाच हवं होतं, पण त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. पुस्तकं राहिली, 'काहून' गेला.

अभ्यासक्रमात हे कसं दिसतं त्याचं एक उदाहरण घेऊ. आयसीएसईच्या नववी-दहावीला काही वर्षं शेक्सपियरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' होतं. आमच्यातल्या दोघींनी ते शिकवलंय, दोघांच्या मुलांनी ते पाठ केलंय. नाटक तुम्हाला माहीत आहे. शायलॉक हा ज्यू सावकार अंतोनियोच्या अंगचं शेरभर मांस मागतो, पोर्शिया वकिलाच्या वेषात येऊन त्याला कायद्यात पकडते. मुलांना इथवर सगळं येतं. दयेवरचं पोर्शियाचं भाषण तर तोंडपाठ असतं.

पण चौथ्या अंकात त्यानंतर जे होतं त्यावर वर्गात कोणी थांबत नाही. शायलॉकला जीवदान मिळतं, आणि अंतोनियो एक अट घालतो: त्यानं आत्ताच्या आत्ता ख्रिस्ती व्हावं. ड्यूक म्हणतो, नाही झाला तर माफी मागे घेतो. शायलॉक 'कबूल' म्हणतो, बरं वाटत नाही म्हणतो आणि निघून जातो. पाचव्या अंकात चांदणं, संगीत, अंगठ्यांची गंमत. त्या माणसाचं पुढे काय झालं, कोणी विचारत नाही.

आता हे नाटक कुठे शिकवलं जातंय ते बघा. ख्रिस्ती संस्थेची शाळा. वर्गात हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती मुलं. गाव नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी याच गावात आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आजी-आजोबांनी तेव्हा किंवा त्यानंतर दीक्षा घेतलेली. कोर्टानं हुकूम करून बदललेला धर्म आणि माणसानं वीस वर्षं विचार करून बदललेला धर्म, यांत काय फरक, हा प्रश्न विचारायला अख्ख्या जगात याहून योग्य वर्ग सापडणार नाही. आणि ख्रिस्ती शाळेनंच तो विचारला तर त्यात केवढा प्रामाणिकपणा दिसेल! पोर्शिया जिची इतकी थोरवी गाते ती दया अशीच असते का, हे मुलं विचारतील. विचारू द्या ना.

प्रत्यक्षात विचारलं जातं ते हे: हे वाक्य कोण कोणाला म्हणालं? कुठल्या अंकात? पुढीलपैकी योग्य पर्याय निवडा.

आम्हाला वाटलं होतं की शिक्षक घाबरत असतील. धर्मांतर हा शब्द वर्गात उच्चारणं हल्ली सोपं नाही, त्यात शाळा मिशनची. ती भीती खरी आहे. आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. पण आमच्यातल्या बाईंनी जे सांगितलं ते अधिक टोचलं. त्या म्हणाल्या, "भीती वगैरे नंतर. मला तो प्रश्न कधी सुचलाच नाही. परीक्षेत येत नाही ते दिसेनासं होतं."

मे महिन्याच्या यादीचंही तेच. 'जंगल बुक' घ्या. हे १८९४ चं पुस्तक जवळपास प्रत्येक यादीत आहे. कोणत्या मुलाला सांगितलंय, की मोगलीचा सिवनीचा डोंगर म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरवरचं सिवनी? पुस्तकातली 'वैनगंगा' म्हणजे भंडाऱ्याहून, पवनीवरून वाहते तीच वैनगंगा? आमच्या पाहणीतल्या एका मुलाचं आजोळ पवनीचं. नदीत पोहून आलेला पोरगा. पुस्तकातली नदी त्याला आफ्रिकेतली वाटली होती. किपलिंग स्वतः सिवनीला गेला नसावा, स्टर्नडेल नावाच्या साहेबाच्या सातपुड्यावरच्या १८७७ च्या पुस्तकावरून त्यानं ते रान उभं केलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. न पाहिलेल्या माणसानं लिहिलेलं रान आपण मुलांना देतो आणि पाहिलेल्या पोराला त्यावर बोलायला सांगत नाही.

यादीत असते ती बहुधा संक्षिप्त आवृत्ती. मूळ दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात एक गोष्ट आहे: गावकरी मोगलीला सांभाळणाऱ्या मेसुआला चेटकीण ठरवून जाळायला निघतात. ती आणि तिचा नवरा पळतात, ते कान्हीवाड्याला, कारण तिथे इंग्रज आहेत आणि इंग्रज न्याय करतात. मग मोगली हत्तींना बोलावून ते गाव भुईसपाट करतो. आठवीच्या मुलीला ही गोष्ट वाचायला दिली, तर ती दोन प्रश्न विचारील. गावात एकही शहाणं माणूस नव्हतं का? आणि न्याय फक्त इंग्रजांकडेच कसा? हे दोन प्रश्न विचारणं म्हणजे किपलिंग वाचणं. आमच्या हाती आलेल्या आवृत्तीत ही गोष्टच नव्हती. वाघ होता, अस्वल होतं, शेवटी बोध होता.

याच गोष्टीत थोडा वेळ गोंड शिकारी येतात आणि जातात. ते वाचताना आमच्या ग्रंथपालांना हिस्लॉपची आठवण झाली. हिस्लॉप रविवारी प्रवचन देणारा पाद्री तर होताच, पण दगड, जीवाश्म, शिलावर्तुळं आणि माणसं यांचाही त्याला नाद होता. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री, टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना, नदीच्या पुरात तो बुडाला. त्याच्या मागे राहिलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्यात गोंडांचं लिंगोचं गाणं आहे. एका परधानाकडून ऐकून उतरवलेलं, मूळ गोंडी शब्दांसह, शेजारी इंग्रजी अर्थ. महादेवानं गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो कसा सोडवतो, त्यांना शेती कशी शिकवतो, त्यांची कुळं कशी पाडतो, अशी ती मोठी कथा. गोंदिया जिल्ह्यात सालेकसाजवळ कचारगडची गुहा आहे ना, जिथे माघी पौर्णिमेला यात्रा भरते, तिच्याशी लोक ही कथा जोडतात.

म्हणजे बघा. हे गाव वसवलं गोंड राजा बख्त बुलंदनं. इथे मिशनची इंग्रजी शाळा काढली हिस्लॉपनं. त्याच हिस्लॉपच्या कागदांतून गोंडांचं महाकाव्य इंग्रजीत आलं. आणि दीडशेहून अधिक वर्षांनी मुलांच्या इंग्रजी यादीत लिंगो नाही, नार्निया आहे. हिस्लॉपला आम्ही संत करत नाही. तो साहेबाच्या नजरेनंच पाहत होता, आणि त्या लोकांचा धर्म बदलावा असंच त्याला वाटत होतं. पण समोरचा माणूस काय गातो हे कान देऊन ऐकण्यासाठी त्याची इंग्रजी त्याला आड आली नाही. आपल्या मुलांना ती आड येते. इंग्रजीच्या तासाला शेजार दिसू नये अशीच आपण व्यवस्था केली आहे.

आता तुमच्या मनात जे आलं असेल ते आमच्या बैठकीत एका आईनं बोलून दाखवलं. त्या धुणीभांडी करून मुलीला मिशनच्या शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही इंग्रजी शिकून बसला, आता आमच्या पोरींना म्हणता गावचं वाचा. मला फी गावचं वाचायला द्यायची नाही. तिला फाडफाड बोलता आलं पाहिजे."

या बोलण्याला आमच्याकडे चलाख उत्तर नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' संग्रहात इंग्रजीला माऊली म्हटलं ते उगाच नव्हे. ज्याला घरच्या भाषेत अपमानच ऐकावा लागला त्याला बाहेरची भाषा शिडी वाटते, आणि ती शिडी आहेच. चढून गेलेल्यानं खालच्याला शिडीचे तोटे सांगू नयेत. म्हणून आम्ही इंग्रजी कमी करा असं म्हणतच नाही. यादीतली सगळी पुस्तकं इंग्रजीतच असू द्या. आम्ही सुचवतो तीही इंग्रजीतच आहेत. फक्त एवढं विचारतो, की शिडी चढताना मुलीला सोबत काय नेता येईल? फाडफाड बोलायचं म्हटलं तरी बोलायला काहीतरी लागतं. ज्या विषयावर तिला सांगायचं आहे त्यावर ती आधी बोलेल, व्याकरण मागून येईल. पवनीच्या त्या पोराला वैनगंगेबद्दल विचारलं, तेव्हा तो मोडक्या इंग्रजीत दहा मिनिटं थांबला नाही. त्याचा लिहिलेला सारांश मात्र कुठूनतरी उतरवलेला, निर्दोष आणि मेलेला होता.

तर आमची यादी. चारच गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे तिचा 'काहून'.

पहिलं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', शांता गोखले यांच्या २०१७ च्या इंग्रजी अनुवादात. सगळं नको, निवडक प्रकरणं. कारण मिशनच्या शाळेला सांगता येण्यासारखी याहून जवळची गोष्ट नाही. नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे काम करत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना 'नवा करार' दिला. एका प्रवासातल्या वाचनानं घर हललं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. मग त्यांनी आपला निर्णय आपण घेतला. हे सगळं त्या इतकं हसत सांगतात की आठवीची मुलगीही हसेल, आणि हसता हसता तिला कळेल की शायलॉकचं 'कबूल' आणि लक्ष्मीबाईंचं 'हो' यांत केवढं अंतर आहे.

दुसरं, कुमुद पावडे यांचा संस्कृत शिकण्यावरचा लेख. मूळ 'अंतःस्फोट' या १९८१ च्या पुस्तकात, इंग्रजीत 'पॉयझन्ड ब्रेड' या १९९२ च्या संकलनात. नागपूरची एक दलित मुलगी संस्कृत शिकते. शिकवणारे गुरुजी भले निघतात, ती एम.ए. होते, पण नोकरी काही मिळत नाही. लग्न होऊन आडनाव बदलतं तेव्हा मिळते. मग त्या विचारतात, ही नोकरी नेमकी कोणाला मिळाली? भाषा शिकली की दार उघडतं असं आपण मुलांना रोज सांगतो. दार कोणासाठी उघडतं आणि कोणत्या नावावर, हे त्यांनी एकदा तरी वाचावं.

तिसरं, लिंगोच्या गाण्यातली काही पानं. भाषा जुनी, अवघड आहे. शिक्षकांनी सोबत बसावं लागेल. वर्गात गोंडी जाणणारं घर असेल तर त्या घरच्या आजोबांना बोलवावं. इंग्रजीच्या तासाला ते शिक्षकांना दुरुस्त करतील, आणि मुलं ते बघतील.

चौथं, 'जंगल बुक'च. आम्ही ते काढत नाही. पण दोन्ही भाग, न कापलेले, आणि सोबत नकाशा.

बाकी वेळ मुलांना मोकळा. ब्लायटन वाचा, पॉटर वाचा, सीताबर्डीच्या फुटपाथवर जे मिळेल ते वाचा. मजेसाठी वाचायला कारण लागत नाही. कारण लागतं ते आपण सक्ती करतो तेव्हा. सक्ती करणाऱ्यानं 'काहून'चं उत्तर द्यायचं, हा आमच्या सगळ्या बोलण्याचा साधा नियम आहे.

आणि तो तक्ता? पाच रकाने पुसून एकच ठेवा: हे पुस्तक वाचून तुला कोणाशी भांडावंसं वाटलं, आणि काय म्हणून? लेखकाशी वाटलं तरी चालेल, बाईंशी वाटलं तरी चालेल. हे आंतरजालावरून उतरवता येत नाही.

शेवटी त्या नातीचं सांगतो. आजींनी तिला उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. आपण दोघी वाचू आणि मग ठरवू." दुपारी पडदे ओढून, कूलरच्या आवाजात, दोघींनी मेसुआची गोष्ट वाचली. नात म्हणाली, "मोगलीनं अख्खं गाव पाडायला नको होतं. त्यात लहान मुलंही असतील." आजी म्हणतात, तीस वर्षांत वर्गात हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. शाळा उघडायला अजून थोडे दिवस आहेत. तुमच्या घरी यादी असेलच. आज रात्री ती काढा, आणि मुलांनी विचारायच्या आत तुम्हीच विचारा.

आम्ही इथे थांबतो. आता तुम्ही बोला. आणि भांडायचं असेल तर आधी भांडणारे.